रविवारचा वर्ग

सदर, नागपूर
रविवार, १८ नोव्हेंबर १९७३

गोपिका,

तुझ्या तेरवीनंतरचा हा पहिला रविवार. सकाळी तुझ्या विद्यार्थिनी आल्या. वर्ग बंद झाला, एवढंच सांगायला मी स्टुडिओत गेलो, तर त्या बोर्डावर कागद लावून बसल्या होत्या.

"काका, चित्रासाठी बसणारे दादाजी आज आलेच नाहीत," कुंदा म्हणाली. "तुम्ही बसता का?"

तू कितीदा म्हणायचीस. मला संकोच वाटायचा. आज बसलो.

"हलू नका नं काका. नाक बदलून राहिलं तुमचं."

मला हसू आलं. सांगायचं ते तसंच राहिलं. पुढच्या रविवारी उजवी बाजू काढू, असं मलाच सांगून त्या गेल्या.

मग मी तळहातावर साबण घेऊन, तू धुवायचीस तसे, सगळे ब्रश धुतले.

मनोहर