टेम्पो सांगून मग विचारलंस

लातूर,
२१ जानेवारी

प्रिय दादास,

दामिनीचा नमस्कार. वहिनी, पोरं मजेत असतील. इकडं आम्ही ठीक. ह्यांचा खोकला अजून हटलेला नाही, पण दवाखान्यात चला म्हटलं की माझ्याकडं असं बघतात, जणू मीच आजार आहे.

फोन सोडून कागद का, असं म्हणशील. फोनवर तू "हां, बोल" म्हणतोस आणि मग तूच बोलतोस. रविवारी आईला हदगावहून नांदेडला तुझ्या फ्लॅटवर न्यायला टेम्पो जातोय, एवढं ऐकवून काल ठेवून दिलास. माझं तोंड उघडंच राहिलं. म्हणून लिहून राहिले. कागदाला "थांब गं" म्हणता येत नाही. ऑफिसातला मल्लिनाथ उद्या नांदेडला चाललाय, त्याच्या हाती देते.

रविवारचं लिहीनच. आधी ऑफिसातलं ऐक, डोकं पिकलंय माझं.

"नुसत्या बैठका घ्यायला पगार देतात का गं?" असं दिवाळीत चिडवलंस ना? हाव, देतात. आमच्या कंपनीत शिकवणी वर्गांच्या परीक्षेचं ॲप बनतं. ॲजाइल पद्धत म्हणजे थोडं काम करायचं, दाखवायचं, चुकलं तर लगेच सांगायचं, सुधारायचं. त्या टीमची मी कोच. हुकूम सोडायचा नाही, लोकांना बोलतं करायचं. पुण्याला ट्रेनिंगमध्ये हे लई सोपं वाटलं होतं.

रोज सकाळी उभ्यानं बैठक असते. उभं राहिलं की पाय दुखतात, लोक मुद्द्याचं बोलतात आणि लवकर मोकळे होतात. मी सगळ्या खुर्च्या बाहेर काढल्या. दुसऱ्याच दिवशी आमचे चंद्रप्पा सर आले. कंपनी त्यांची, त्याआधी जन्मभर मास्तरकी केलेली. एवढा मोठा माणूस उभा कसा ठेवायचा? मल्लिनाथ पळत जाऊन खुर्ची घेऊन आला. झालं! सर मधे खुर्चीत, बाकीचे भोवती हात बांधून, आणि एकेक जण "झालं सर", "होतंय सर". बैठक कसली, दरबार! मी कपाळावर हात मारून घेतला.

बरं, काम होत होतं का? डोंबल! वर "होतंय सर" म्हणणारे तेच लोक खाली टपरीवर म्हणायचे, "मॅडम, मार्चच्या परीक्षेत हे ॲप बंद पडणार, लिहून घ्या." अरे, मग वर बोला की! "सरांनी क्लासवाल्यांना तारीख दिली ना. त्यांना कसं न्हाई म्हणायचं?" मी म्हटलं, आणि ऐन परीक्षेत पोरं रडकुंडीला आली तर काय सांगणार? एकेकानं कप ठेवला आणि वर पळाला. सगळं खरं बोलणं टपरीवर. मला वाटायला लागलं, बैठकच टपरीवर घ्यावी.

शेवटी सरांना एकटं गाठलं. म्हटलं, "सर, उद्या तुम्ही एकच विचारायचं, कुठं अडतंय? आणि मग काहीच बोलायचं नाही." सर भडकले. "माझ्याच कंपनीत मी बोलू नको?" "हाव सर," म्हटलं.

तर त्यांनी विचारलं आणि खरंच गप्प बसले. दादा, काय ती शांतता! कुणी पंख्याकडं बघतंय, कुणी स्वतःच्या चपलेकडं. सरांचे ओठ हलायला लागले की मी डोळे वटारत होते. शेवटी ऋतुजा बोलली, आमची सगळ्यात अबोल पोरगी. "सर, तुम्ही आधी तारीख देऊन आलात आणि मग विचारलंत, जमेल का. तसं विचारल्यावर कोण न्हाई म्हणणार?" सर लालबुंद. पण बसून राहिले. मग मल्लिनाथ बोलला, मग सगळेच. तारीख पुढं गेली. सर माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत, ते वेगळं.

आता म्हणशील, हे मला कशाला सांगून राहिलीस?

कारण तूसुद्धा टेम्पो सांगून मग विचारलंस, दादा! संक्रांतीला ओसरीत तू खुर्चीवर, आई खाली, वहिनी आणि मी दाराशी. "आई, येतीस न्हवं नांदेडला? खोली रंगवलीय, टेम्पोपण सांगितलाय." आई म्हणाली, "तू म्हणशील तसं." आणि तू मांडीवर थाप मारलीस, "चला, ठरलं!" काय ठरलं? कुणाचं ठरलं? याला विचारणं म्हणतात का?

तुझा तिच्यावर जीव आहे, मला कळतं. बाबा गेल्यापासून ती एकटी, काही झालं तर कोण, म्हणून तुला झोप लागत नाही. तिनं फोन उचलला नाही की तू शेजारच्या विठाबाईंना पळवतोस. तुझं चुकतंय असंही मी म्हणत नाही. कदाचित तिनं यावंच. पण तिनं म्हणावं ना!

त्या दिवशी तू अंगणात फोनवर होतास तेव्हा आई चुलीपाशी माझ्याशी बोलली. काय बोलली ते लिहिणार नाही. तुझी शपथ घातलीय तिनं मला. एवढंच सांगते, भाकरी थापता थापता तिनं डोळे पुसले आणि गालाला पीठ लागलं. ते तसंच घेऊन ती तुला वाढायला आली. तुला दिसलं नाही.

शनिवारी तू जा. एकटा. खुर्ची घेऊ नको, चुलीपाशी खाली बस. फोन गाडीत ठेव. "आई, तुला काय वाटतं?" एवढं विचार आणि तोंडाला कुलूप लाव. ती आधी "तू म्हणशील तसं"च म्हणेल. ते उत्तर धरू नको. खोलीचा रंग सांगू नको, दवाखाना जवळ आहे म्हणू नको. भाकरी होऊ दे, चहा होऊ दे, बसून राहा. तुला लई जड जाईल. जाऊ दे.

आणि टेम्पोवाल्या रामलिंगला मी आज सकाळीच फोन करून रविवारचं रद्द केलं. हाव, मीच! तुला न विचारता, आईलाही न विचारता. ओरड आता, तुझा हक्क आहे. जगाला शिकवत फिरते आणि घरच्या कामात मी हुबेहूब तुझ्यासारखी. पण टेम्पो पुन्हा सांगता येतो, दादा. तिनं एकदा घराला कुलूप लावलं की मग तिला कुणी विचारणार नाही.

तिच्याशी बोलणं झालं की फोन कर. मी "हां, बोल" म्हणेन आणि खरंच गप्प बसेन.

तुझीच,
दामिनी