पाकिटावरचा शिक्का

दादा,

परवा नवरा बेकरीच्या दारात येऊन उभा राहिला. मी आत पीठ मळत होते. "तुझ्या भावानेच फोनवर दाखवलं, तू कुठे आहेस ते," तो हसत म्हणाला. मालकिणीने त्याला हाकललं, पण मला ती नोकरी आणि खोली त्याच दिवशी सोडावी लागली.

फोन देताना तू म्हणाला होतास, "तुझं लोकेशन मला दिसू दे, जिवाला घोर नको." मी विश्वासाने ते चालू ठेवलं. त्याने तुझ्यापुढे चार टिपं गाळली आणि तू विरघळलास. माझ्या पाठीवरचे वळ तू डोळ्यांनी पाहिले होतेस.

आता लोकेशन बंद केलंय. मी बरी आहे, एवढं आईला कळवायचं होतं. पण पाकिटावर इथला शिक्का पडेल, म्हणून हे पत्र टाकणार नाही.

एके काळची तुझी,
छोटी