पलूसच्या वरातीत सोडलेली ओळ

आबा, तुमचा धाकटा येत्या रविवारी विश्रामबागेत ट्रंपेट वाजवणार आहे. फलकावर त्याच्या नावाखाली ‘जॅझ’ असं लिहिलंय. तुम्ही असतात तर विचारलं असतं, "म्हंजी लगीन कुणाचं हाय?" परदेश फिरून आलाय, केस पिकलेत, तरी लोक त्याला तरुण म्हणतात. मी कॉलेजात संस्कृत शिकवतो. मला पंचविशीपासूनच सगळे वयस्कर समजतात.

परवा त्याची मुलाखत ऐकली. दोनदा, एकदा ऐकून चुका सापडेनात. हे सगळं सुरू कुठून झालं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "पलूसच्या वरातीत आमच्या दादाचा दम संपला, तिथनं."

माधवनगरचा आपला बँड, लाल कोट, पुढे तुम्ही. ट्रंपेटवर आम्हा दोघांना तुम्ही घालून दिलेली रीत अशी, की एकाची ओळ संपता संपता दुसऱ्यानं पुढची उचलायची, म्हणजे पहिल्याला श्वास घेता येतो. त्याच सकाळी तुम्ही तुमच्या ट्रंपेटचं चांदीचं माउथपीस त्याला दिलं होतंत. थोरल्याला पुस्तकं हाईत की, म्हणालात. नवरदेवाच्या दारात त्याची ओळ संपत आली आणि मी पुढची उचलली नाही. तो माझ्याकडे बघतोय, गाल फुगलेले, स्वर सोडता येत नाही. मग त्या स्वरावरून तो घसरला तो कुठल्या कुठे गेला, गाण्यात नव्हतंच असं काहीतरी वाजवत राहिला. तुम्ही त्याला थांबवाल असं मला वाटलं होतं. तुम्ही ढोलवाल्याला हातानं खूण केलीत, चालू दे. आणि हसलात. तसं हसू माझ्या वाट्याला कधी आलं नाही. संस्कृतात पहिला आलो तेव्हाही नाही.

परतताना टेम्पोत तुम्ही एवढंच म्हणालात, "दमला असशील तर उद्यापास्नं येऊ नगंस. संस्कृत शीक. तितं मधीच थांबलं तरी वरात खोळंबत न्हाई." मी आज्ञाधारक, अजून शिकतोच आहे.

काल त्याचा फोन आला. दादाला मंचावर बोलावून पाया पडायचंय म्हणे. मी नको म्हणालो, तर त्याला तो माझा विनय वाटला. खरं काय ते लिहून कळवावं म्हणून बसलो, पाकिटावर त्याचा पत्ताही घातला. मग तो खोडला आणि कागदावर ‘आबा’ लिहिलं, म्हणजे टपालाचा प्रश्नच मिटला. रविवारी मी जाईन, त्याला पाया पडू देईन. तुम्हाला बहुधा त्या टेम्पोतच कळलं होतं. माझा दम संपला नव्हता, आबा. छाती श्वासानं भरलेली होती.