पुराव्याची कॅसेट

६ एप्रिल १९८४, शुक्रवार. मस्कत, कामगारांचा कॅम्प.
आजपासून रोजनिशी. मनातलं कुठेतरी बोलायला हवं, आणि या खोलीत ऐकून घेणारा माणूस नाही. आवाज करणारे मात्र तीन आहेत.
मी टाइमकीपर, हजेरी लिहिणारा, घर वाशीला. देवजी ड्रायव्हर, आमच्याच बिल्डिंगमधला. पोपट वेल्डर, शिरवण्याचा. खलील प्लंबर, तळोज्याचा. सगळे एकाच बाजूचे म्हणून कॅम्प बॉसने फेब्रुवारीत कौतुकाने एका खोलीत टाकलं. गाव जवळ असलं म्हणून सवयी जुळत नाहीत.
पोपट बोटं मोडतो. हाताची झाली की पायाची. देवजी जेवताना मचमच करतो. खलील बशीतून चहा ओढतो तेव्हा शेजारच्या खोलीतले बघायला येतात.
मी शांत. आई म्हणते, कमळाकर जागा असला की घरात आहे की नाही ते कळतसुद्धा नाही.
संकल्प: कुणावर चिडायचं नाही.

११ एप्रिल, बुधवार
मुख्य त्रास दुपारचा. एक ते चार काम बंद, सगळे झोपतात. आणि खोलीत कोणीतरी घोरतं. मी स्वतः ऐकलेलं नाही, कारण मी झोपलेला असतो. पण उठल्यावर घसा कोरडा, डोकं जड. म्हणजे झोपमोड होते हे उघड आहे. पोपट आणि देवजीचे डोळे लाल असतात. दोघेही वैतागलेले. खलील एकटाच कधी तक्रार करत नाही. तोच असणार.

१३ एप्रिल, शुक्रवार
खलीलला बाजूला घेऊन सौम्य शब्दांत सांगितलं. बिचारा शरमला. म्हणाला, माफ कर भाऊ, घरी शमीमने कधी सांगितलंच नाही. बायकोने नवऱ्याला वेळेवर सांगायला हवं. सरोजिनी मला सगळं सांगते. फक्त लग्नानंतर दुसऱ्या महिन्यापासून ती आईच्या खोलीत झोपते. आईला सोबत लागते.

१९ एप्रिल, गुरुवार
खलील आठवडाभर कुशीवर झोपतोय. काही फरक नाही. पोपटला सरळ विचारलं. तो म्हणाला, आवाज त हाय, पन कुनाचा ता मना नको इचारू. मित्राचं नाव घ्यायला जीभ रेटत नाही त्याची. दिलदार माणूस.

२ मे, बुधवार
खलील आता दुपारी झोपतच नाही. बाहेर पायरीवर सावलीला बसतो. तरी देवजी म्हणाला, आज नेहमीपेक्षा जास्त होता. क्षणभर गोंधळलो. मग लक्षात आलं. पायरी दाराला लागून आहे. बसल्या बसल्या घोरत असणार.

१० मे, गुरुवार
नाइलाज झाला. कॅम्प बॉसला इंग्रजीत दीड पानी अर्ज दिला. खलीलला जनरेटरशेजारच्या खोलीत हलवावं, ही विनंती. ती पत्र्याची खोली रिकामीच असते. दिवसभर थरथरते. पण ज्याला आवाज करायचा त्याला आवाजाची सोय झाली, असा माझा मुद्दा. कॅम्प बॉस म्हणाला, प्रूफ आणा.

१७ मे, गुरुवार
प्रूफ तयार. देवजी उद्या सुट्टीवर वाशीला चाललाय. त्याच्या हाती घरी कॅसेट पाठवायची होतीच. इथे पत्रं लिहीत बसायला वेळ कुणाला, सगळे कॅसेटमध्ये बोलतात आणि घरी सगळी बिल्डिंग जमून ऐकते. सकाळी न्हाणीघरात बसून एका कॅसेटमध्ये सरूशी अर्धा तास बोललो. दुपारी दुसरी कॅसेट घातली, रेकॉर्डर माझ्या खाटेखाली ठेवला (प्लग तिथेच आहे), बटण दाबलं आणि झोपलो. अर्ध्या तासाची एक बाजू पूर्ण भरली. ऐकून बघितली नाही. आत काय आहे ते ठाऊक आहे.

१८ मे, शुक्रवार
कॅसेटवर नावं घालायला पेन सापडलं नाही. लक्षात ठेवलं: डावीकडची घरची, उजवीकडची पुराव्याची. देवजी पहाटे बॅग भरताना माझ्यासमोर उभा होता. त्याची डावी की माझी डावी, एवढाच प्रश्न होता. तो मी सोडवला.

१९ मे, शनिवार
माझी डावी हवी होती.
कॅम्प बॉसने ऑफिसात सहा जणांसमोर कॅसेट लावली. तो केरळचा, त्याला मराठी येत नाही, म्हणून पोपटला भाषांतराला उभं केलं. पोपट म्हणाला, साहेब, ये बोलता है की सरू के बिना नींद नहीं आती. पुढचंही सगळं सांगितलं. काही शब्दांना हिंदी मिळेना, तेव्हा हाताने करून दाखवलं. कॅम्प बॉस म्हणाला, घोरणं कुठाय?
तेवढ्यात खलील पुढे झाला. म्हणाला, प्रूफ नको साहेब, मी जातो. भाऊला झोप पायजे. संध्याकाळी वळकटी उचलून गेलासुद्धा. एका अर्थी मी जिंकलो. आनंद म्हणावा तसा झाला नाही.
दुसरा फायदा: पुरावा आता वाशीत वाजेल. मी काय सोसतो ते निदान घरच्यांना तरी कळेल.

४ जून, सोमवार
रोजे सुरू झालेत. खलील दिवसभर पाण्याचा थेंब न घेता त्या पत्र्याखाली. त्याला भेटून यावं असं रोज ठरवतो. ऊन फार आहे. पोपट माझ्याशी कामापुरतं बोलतो. आज म्हणाला, आवाज अजून हाय. कानाला सवय लागली की असं होतं, मी समजावलं.

१५ जून, शुक्रवार, सकाळी ११
सरूची कॅसेट आली. एकट्याने ऐकली.
ती म्हणते, तुमची कॅसेट ऐकायला चाळीस माणसं आली होती. आई सगळ्यांत पुढे. बटण दाबलं तर नुसतं घर्रर्र. शेजारच्या बायजाबाई म्हणाल्या, मशीन बिघडली. आई म्हणाली, मशीन कसली, माझा कमळाकर झोपलाय. बायजाबाईंनी बंद करायला हात पुढे केला तर आई ओरडली, राहू दे, जागा होईल तो. अख्खी बिल्डिंग अर्धा तास गप्प बसून होती. आई पदराने डोळे पुसत होती. झोप नाही, झोप नाही असं प्रत्येक वेळी कळवायचात, आता तिचा जीव भांड्यात पडला.
पुढे सरू म्हणते, मध्येच एक जण बोलतो, याला कुनी तरी कुशीवर करा रे. मग दाराकडून दुसरा हळूच म्हणतो, झोपू दे त्याला, दमलाय. तो दुसरा कोण? देवाने पाठवलेला माणूस दिसतो. आईने त्याला आशीर्वाद सांगितलाय. न विसरता द्या.
कॅसेट तीनदा ऐकली. दाराकडे पायरी आहे. पायरीवर खलील असायचा. त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून तो वळकटी घेऊन गेला.
मला माझी इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

१६ जून, शनिवार
दुपारी ऊन असूनही गेलो. खोलीत उभं राहिलं तर पाय थरथरतात. खलील खाली चटईवर बसला होता, ओठ सुकलेले. आईचा आशीर्वाद दिला. माफी मागितली, ती जनरेटरमुळे दोनदा ओरडून मागावी लागली. म्हटलं, चल परत, इथे मी येतो, कॅम्प बॉसला सगळं खरं सांगतो.
तो हसला. म्हणाला, आईला सलाम सांग, पण परत नको बोलू भाऊ. हा जनरेटर एका सुरात चालतो. मधेच थांबत नाही, मधेच दचकवत नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा नीट झोपतोय मी.
परत आलो तर पोपट दारात कोरा कागद घेऊन उभा. त्याला इंग्रजी येत नाही, म्हणून त्याचा अर्ज मीच लिहिला. जनरेटरशेजारची दुसरी खाट हवी आहे. कारण काय घालू विचारलं, तर म्हणाला, शांतता पायजे म्हून लिव.