खिडकीसमोरचं तणस

केशोरी, मार्गशीर्षातला गुरुवार, संध्याकाळ

आज मळणी झाली. पेंढ्याचा, तणसाचा ढीग मी मुद्दाम दिराच्या नव्या घराच्या खिडकीसमोर रचायला लावला. जमिनीपासून छतापर्यंत काच. नागपूरच्या आर्किटेक्टने म्हणे सकाळचं ऊन आणि समोरचं वावर बघून आखली. पण वावर कुणाचं? आमचं. वाटणीत सासऱ्यांनी, मामाजींनी, धाकट्या लेकाला रस्त्याकडची जागा दिली, आम्हाला मागच्या धानाच्या बांध्या. आता त्याच बांध्या त्यांच्या घराला शोभेसाठी हव्यात.

त्या खिडकीत मामाजींची खुर्ची असते.

दुपारी दीर आला. "वहिनी, ढीग जरा बाजूले घ्या ना. बाबांले वावर दिसून नाही राहिलं."

"पाहाचं असन तर चालत या म्हना."

लकव्यानंतर ते चालत नाहीत, हे मला माहीत होतं. म्हणूनच म्हटलं. दीर आल्या पावली परत गेला. बरं वाटलं. खरंच वाटलं का? हो, वाटलं.

खुर्ची आत फिरवतील असं धरून चालले होते. आत्ता ढिगाच्या कडेने बघून आले, तोंड अजून इकडेच. मामाजी तणसाकडे बघत बसलेत. त्यात बघण्यासारखं काय आहे?

काचेची वरची पट्टी उघडी राहिली आहे, तिथून उजेड जातो. उद्या आणखी एक बैलबंडी तणस टाकायला सांगते.