हाऊ आर यूचं उत्तर

१७ मार्च

रुखमाला ‘हाय’ म्हणता येतं. मला नाही!

म्हणजे येतं. शब्द मला तिच्याआधी ठाऊक होता. पण माझ्या तोंडून तो फॉर्म भरल्यासारखा निघतो, तिच्या तोंडून हसत निघतो.

गावच्या समितीनं तळ्याकाठी चार खोल्या बांधल्या आहेत. वाघ पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना दारावर या-बसा करायला एक बाई हवी. एकच. आणि नावं दोन — रुखमाचं आणि माझं. चंद्रपूरहून रंजीता मॅडम शिकवायला आल्या आहेत. शाळेच्या व्हरांड्यात वर्ग भरतो.

आज मॅडमनी मला विचारलं, “हाऊ आर यू?” मी उभी राहिले आणि सांगितलं. मराठीतच, कारण माझं इंग्रजी तेवढं पुरलं नाही. गुडघा दुखतो. नवरा, पत्रू, जाऊन तीन वर्षं झाली, तरी पहाटे जाग आली की हात त्याच्या अंथरुणाकडे जातो.

मॅडम हळूच म्हणाल्या, “काकू, याचं उत्तर फक्त ‘फाईन’. कोणी खरं विचारत नसतं.”

मग विचारता कशाला? हे मनातच म्हटलं.

रुखमाला विचारलं तर — “फाईन फाईन! यू?” टाळ्या!

१८ मार्च

तिला बाराखडी मी शिकवली. माझ्या ओसरीवर, दहा वर्षांपूर्वी. मला कोणी शिकवली? कोणी नाही. खताच्या पोत्यावरची अक्षरं जुळवत शिकले, मग पोरांनी टाकलेली पुस्तकं, मग सिंदेवाहीच्या वाचनालयातली. आणि आता ती माझ्यापुढे!

१९ मार्च

आज घरी जाताना ती ‘बाय’ म्हणाली. मला!

२२ मार्च

खरे पाहुणे आले. आमची परीक्षाच.

मी पुढे झाले. “गुड मॉर्निंग सर, हाऊ डू यू डू.” पुस्तकात आहे तसं, एकही शब्द न चुकता. ते गृहस्थ बॅगेत चष्मा शोधत होते. “हं, थँक्यू,” म्हणाले आणि आत गेले.

मागून रुखमा — “हाय हाय! टायगर दिसला? नो? कल दिखेगा, पक्का!” अर्धं हिंदी, अर्धं कुठलंच नाही. त्यांची मुलगी खळखळून हसली, तिच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला.

वाटेत रुखमा म्हणाली, “तू लय सरकारी बोलते बाई. जरा हासत जा ना! दात काय माहेरी ठेवून आली?”

मी हसले नाही. तिचा नवरा तेलंगणात कामाला आहे, दर आठवड्याला फोन करतो. तिला हसायला काय जातं? हे लिहायला लाज वाटते. पण मनात हेच आलं.

२५ मार्च

मोहाची फुलं पडायला लागली. पहाटे दोघी वेचायला गेलो.

आमच्या झाडाच्या आणि तिच्या झाडाच्या मधे नाला आहे. एकमेकींना दिसत नाही. म्हणून हाक. एकीनं हूऽ करायचं, दुसरीनं हूऽ करायचं. टोपलीचा तळ झाकला की हाक, अर्धी झाली की हाक. वाकून वेचणारं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. आवाजानंच त्याला कळतं, आणि आवाजानंच आपल्यालाही कळतं की पलीकडची आहे.

नाल्यातल्या तिसऱ्या झाडावरून आमच्या दोन घरांत एकेकाळी बोलणं बंद होतं. त्याच दिवसांत पत्रू गेला. मला ताप होता, तो एकटाच मोहाला गेला. दुपारी माणसं त्याला चादरीत घेऊन आली.

दुसऱ्या वर्षी पहिल्या मोहाला रुखमा स्वतःहून माझ्या दारात उभी राहिली. “चाल बाई. एकटी नोको जाऊ.” तिसऱ्या झाडाचं पुन्हा कोणी नाव काढलं नाही.

३० मार्च

समितीचे सुनिलभाऊ घरी आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. “वाईट नोको मानू बायनाबाई. पाहुण्याईले तिचं बोलणं आवडते.”

मी म्हटलं, “फाईन.”

दहा तारखेपासून ती दारावर. मग मी मोहाला कुणासोबत जायचं, हे त्यांनाही सुचलं नाही, तिलाही.

३१ मार्च

तिनं गुळाचा शिरा आणून दिला. मी तो शेजारच्या पोचूच्या घरी दिला.

२ एप्रिल

लिहू की नको. लिहिते.

टोपलीचा तळ झाकला होता. नाल्यापलीकडून हाक आली. पण हूऽ नाही! “हाऽय बायनाबाईऽ! हाऊ आर यूऽ?” आणि वर हसणं.

नीट ऐकू आलं. मी उत्तर दिलं नाही.

पुन्हा आली. “हाऊ आर यूऽ?” हसणं कमी. मी झाडाला टेकून बसले. आता कर ना हाय-हाय, मनात म्हटलं.

तिसऱ्यांदा इंग्रजी नव्हतं. “बाई! वो बाई! हूऽ! हूऽ!” आवाज फाटला. मग पाचोळा तुडवत येणारे पाय.

ती नाल्यातून वर आली. हातात काठी, पायात चप्पल नाही, पोटऱ्या काट्यांनी ओरबाडलेल्या. वाघावर धावून आली होती ती — एका काठीनिशी! आणि मी टोपली मांडीवर घेऊन बसलेली.

“ऐकू नाई आलं?”

“आलं.”

ती तिथंच खाली बसली. पायातले काटे काढत राहिली. परत येताना मला पुढं घातलं आणि स्वतः मागून चालली. मागच्यालाच धोका असतो. दोघींना ठाऊक आहे.

३ एप्रिल

ती आली नाही. मीही गेले नाही. आज आमचा मोह हरणांनी खाल्ला असेल.

५ एप्रिल

दुपारी रुखमा आली. ओसरीची पायरी चढली नाही.

“त्या दिवशी पत्रूभाऊनं हाक देली होती, बाई. दोनदा. मी माह्या झाडाखाली होती. भांडण होतं ना आपलं... म्हून मी गप्प राह्यली. परवा तू गप्प बसली, तवा मले वाटलं, तुले मालूम झालं.”

मला काहीच माहीत नव्हतं. तीन वर्षांत काहीच नाही!

ती उन्हात उभी. जात नव्हती. मी तिला काय म्हणणार? कोणत्या तोंडानं?

दारात टोपली पालथी पडली होती. त्या टोपलीकडेच बघत राहिले.

मग रुखमा अगदी हळू, घशातल्या घशात म्हणाली, “हूऽ.”

मी दिलं उत्तर.