स्ट्रॉबेरीचा पुकारा

दि. २ फेब्रुवारी

प्रिय चिमे,
तुला दादाचे पोटभर आशीर्वाद.

आधी सगळ्यांची विचारपूस. तुझा गुडघा जिना चढू देतो का? मेहुण्यांचा खोकला गेला, की अजून सकाळी घराला तोच जागं करतो? थोरलीचे डोळे तपासलेस? धाकट्याच्या कानातला वाटाणा निघाला एवढं कळलं, पण तो तिथे गेला कसा हे कुणी कळवलंच नाही. सासूबाईंची तब्येत त्यांच्याच तोंडून विचारून कळव. तुझ्या मते जगात सगळेच ठणठणीत असतात.

इकडे तुझी वहिनी मजेत. मीही मजेत. बाजार जोरात आहे.

तू लिहिलंस, "दादा फोनवर येत नाही. माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांग." अगं, तुझं काय चुकणार? वहिनी दर वेळी "ते आंघोळीला गेलेत" म्हणाली. एवढ्या आंघोळी करणारा माणूस एव्हाना साबणासारखा झिजून गेला असता, हे तुझ्या ध्यानात यायला हवं होतं.

असो. यंदा स्ट्रॉबेरी भरपूर आली आहे. बघ, बरोबर लिहिलं ना? मी अक्षरं शिकलो ती पेट्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून. तिथे कुणी स्ट्रोबेरी लिहितो, कुणी इस्टॉबेरी, एकाने तर सटाबरी लिहून शेजारी फूल काढलं होतं. मागच्या पत्रात मी तिन्ही लिहिली, तर मास्तरीणबाईंनी लाल शाईने तपासून माझंच पत्र मला परत धाडलं! "दादा, ट ला र जोड आणि डोक्यावर चंद्र दे." दिला बाई. आता लिहायला अडत नाही.

अडतं ते बोलायला.

सांगूनच टाकतो. मी दात बसवलेत. वरचे, खालचे, सगळे. दिसायला झकास, पण 'स' आला की फटीतून शीळ निघते. घरात ते खपून गेलं असतं. पण लिलावातलं माझं काम तुला ठाऊक आहे. ओट्यावर उभं राहून फळाचं नाव पुकारायचं, भाव चढवत न्यायचा आणि सौदा ठरला की तोंडाने एक शिट्टी मारायची. शिट्टी वाजली की बोली बंद, मग कुणाच्या बापाला ती उघडता येत नाही.

नव्या दातांनी पहिल्याच दिवशी मी गळा मोकळा करून म्हणालो, "स्ट्रॉबेरी!" आणि वाजली की शिट्टी! रसवाला नेमका टोपी सारखी करायला हात वर करत होता. काटेवाल्याने अख्खा ढीग त्याच्या नावावर टाकला. बागवाली ओरडतेय, "अहो, आधी भाव तरी बोला!" रसवाला ओरडतोय, "मला मोसंबी हवी होती!" मी समजूत घालायला गेलो, "सबुरीनं घ्या, सौदा संपला नाही," तर त्या एका वाक्यात शेजारची कलिंगडंही विकली गेली.

बाजाराचे मुकादम गोड आवाजात म्हणाले, "दादा, थोडे दिवस विसावा घ्या." माझ्या जागी काटेवाला चढला. शाळेत हजेरी घ्यावी तसा पुकारतो.

मी घरी आरशासमोर सराव करत बसलो. तुझ्या वहिनीने माझी शीळ कुकरची समजून गॅस बंद केला. त्या दिवशी आम्ही कच्चा भात खाल्ला. दातांचे डॉक्टर म्हणतात, "नवा जोडा चावतोच, वेळ द्या." पण वेळ होता कुठे? मोसम सरला की ओटा काटेवाल्याचाच.

तुझा फोन वाजायचा तेव्हा मी शेजारीच बसलेला असायचो, चिमे. लहानपणी बाजारात हात सुटला की तू माझा आवाज ऐकत ओट्यापाशी यायचीस. त्याच कानांना ही शीळ ऐकवायला मन धजेना. दुसरं काही नव्हतं गं.

काल मात्र बागवालीच खवळली. "माझा माल असा मेल्या आवाजात विकता? दादांना चढवा!"

"आणि शिट्टीचं काय?" मुकादम म्हणाले.

मी दात काढले आणि काटेवाल्याच्या हातावर ठेवले. त्याला काय करावं सुचेना, त्याने ते काट्यावर ठेवले. मी ओट्यावर चढलो आणि पुकारलं, "थ्रॉबेली!"

अख्खा बाजार हसला. मीही हसलो, आणि त्या हसण्यासरशी आवाज पोटातून वर आला, पूर्वीसारखा. भाव चढत गेला. शेवटी शिट्टी मारायला गेलो तर नुसतं फुस्स. मग टाळी वाजवली. काटेवाल्याने मुकादमांकडे पाहिलं, मुकादमांनी माझ्याकडे, आणि म्हणाले, "लिहा हो, सौदा झाला." आता टाळीनेच बोली बंद होणार. रसवाला तेवढा खिशात हात घालून उभा होता.

ओटा राहिला, चिमे. जेवायला दात, पुकारायला नुसतं तोंड, असं ठरवलंय. यापुढे तुझा फोन मीच उचलेन. शब्द कसेही आले तरी ऐकून घे, आणि हसू आलं तर दाबू नकोस. पण त्याआधी चार ओळी लिही. तुझा रुसवा गेला हे मला तुझ्या अक्षरात वाचायचंय. उशीर लावू नकोस.

तुझाच,
बोळका दादा